कर्त्या माणसाचें मनाचें दुखणें व त्यावरील इलाज

गोठ्यांतील बैलानें एक वेळ कडबा हुंगून सोडून दिला तर आपला शेतकरी स्वस्थ बसत नाहीं. तो त्याचे कान चांचपतो, शेण पाहतो, पाठीवरून हात फिरवितो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळींहि बैलानें वैरणीस तोंड लावलें नाहीं तर गुरांच्या दवाखान्याची वाट धरतो. ‘तूं आळशी झालास’ असें त्या बैलास कोणी म्हणत नाहीं. ‘मन घट्ट कर’ असा उपदेशहि कोणी त्यास करीत नाहीं. परंतु त्याच घरांतील कर्ता पुरुष किंवा लेंकुरवाळी बाई पंधरा पंधरा दिवस भरल्या ताटावरून उठून जात असेल, रात्र रात्र जागी असेल, पोरांच्या हांकेस ओ देत नसेल, तर त्या दुखण्याची दाद मात्र घरांत कोणी घेत नाहीं. दुखणाईतहि तें आपल्या तोंडानें सांगत नाहीं. या न सांगितल्या जाणाऱ्या दुखण्याविषयीं, आणि विशेषेंकरून ज्यांच्या पदरीं लहान मुलें आहेत अशा आईबापांच्या दुखण्याविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेतकीच्या मासिकांत असा विषय कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, शेतीच्या साधनांत जमीन, पाणी, बीं, खत, जनावरें व अवजारें यांची गणना आपण नित्य करितों. परंतु या सर्वांस हालविणारें जें शेतकऱ्याचें चित्त, त्याची गणना कोणी करीत नाहीं. तें बिघडलें कीं पेरणीचा वाफसा हातचा जातो, फवारणीचा दिवस चुकतो, बँकेचा कागद तसाच पडून राहतो, आणि घरांतील लेंकरें मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून दबून वागूं लागतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सन २०२२ च्या अहवालांत शेतीवर उपजीविका करणाऱ्या ११,२९० माणसांनीं त्या एका वर्षांत आपला जीव दिल्याची नोंद आहे, व त्यांपैकीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या महाराष्ट्रांतील आहेत. याचें सर्व खापर मनाच्या दुखण्यावर फोडावें असा आमचा हेतु नाहीं. कर्ज, पाऊस व बाजारभाव हीं कारणें खरींच आहेत. तथापि कर्ज सारखेंच असतांना एक घर तग धरतें व दुसरें बसतें, यांत त्या दुखण्याचाहि हात असतो, आणि त्यावर इलाज आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. शेतकऱ्यानें आत्महत्या केल्यास त्याच्या कुटुंबास सन २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणें एक लाख रुपयांची मदत मिळत आली आहे. प्रकरण पात्र कीं अपात्र, हें जिल्ह्याची समिति ठरविते. अशा फायली आमच्या टेबलावरून गेलेल्या आहेत. त्यांतील जबाब वाचतांना एक गोष्ट पुनः पुनः दृष्टीस पडे. शेजारी, भाऊबंद, पोलीस पाटील सर्वजण सांगत कीं, गेले दोन-तीन महिने तो कोणाशीं बोलत नव्हता, जेवत नव्हता, रात्रीं अंगणांत फेऱ्या घालीत असे. म्हणजे दुखणें सर्वांस दिसत होतें; तें दुखणें आहे हें मात्र कोणास ठाऊक नव्हतें. पुढें वारसाची नोंद होऊन ७/१२ वर अज्ञान मुलांचीं नांवें लागत, आणि त्यांपुढें ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता अशीं तीन अक्षरें घालून आईचें नांव येई. हीं अक्षरें ज्यांच्या नांवापुढें लागूं नयेत असें वाटतें त्या मुलांसाठीं हा लेख आहे.

दुखणें कसें ओळखावें

पिकावर अळी पडली, कांद्याचा भाव उतरला, घरांत मृत्यु झाला, तर माणसास दुःख होणें स्वाभाविक आहे. असें दुःख दिवसागणिक कमीजास्त होतें. कोणी भेटावयास आलें तर घटकाभर हलकें होतें. नातवंड मांडीवर येऊन बसलें तर हंसूंहि येतें. नैराश्य हा रोग याहून निराळा आहे. त्यांत मन सर्व दिवसभर, जवळजवळ रोज, आणि निदान दोन आठवडे झाकोळलेलें राहतें, किंवा पूर्वीं ज्या गोष्टींत जीव रमत असे त्यांतील गोडी नाहींशी होते. त्याजबरोबर झोप उडते अथवा फार येते, भूक जाते, अंगांत त्राण राहत नाहीं, चित्त एकाग्र होत नाहीं, हालचाल व बोलणें मंदावतें किंवा उलट एका जागीं बसवत नाहीं, आपण निकामी आहों, घराला भार आहों असें वाटूं लागतें, आणि मरणाचे विचार येऊं लागतात. यांपैकीं पांच किंवा अधिक लक्षणें दोन आठवडे टिकलीं, आणि त्यांत पहिल्या दोहोंपैकीं एक असलें, तर डॉक्टर त्यास नैराश्याचा विकार म्हणतात.

आपल्या खेड्यापाड्यांत हें दुखणें बहुधा वेष पालटून येतें. ‘माझें मन उदास आहे’ असें कोणी सांगत नाहीं. डोकें जड आहे, अंग ठणकतें, पोटांत आग पडते, हातापायांना मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन रोगी येतो व सुई टोंचून घेऊन परत जातो. पुरुषांत तर तें पुष्कळ वेळां रागाच्या रूपानें येतें. जो बाप पोरांना कधीं बोटहि लावीत नसे तो क्षुल्लक कारणावरून अंगावर धांवून जातो, किंवा संध्याकाळ झाली कीं दारूच्या गुत्त्याकडे वळतो. लोक म्हणतात, हा बिघडला. वास्तविक तो आजारी असण्याचा संभव आहे. दारूनें घटकाभर विसर पडतो खरा, परंतु दुसऱ्या दिवशीं उदासी वाढते व झोप अधिकच बिघडते.

बायकांच्या बाबतींत बाळंतपणानंतरचे महिने जपण्यासारखे असतात. भारतांतील ३८ अभ्यासांचा मेळ घालून सन २०१७ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्याप्रमाणें सुमारे २२ टक्के मातांना बाळंतपणानंतर नैराश्याचीं लक्षणें होतात. बाळाकडे पाहवत नाहीं, उगाच रडूं येतें, मूल आपल्या हातून दगावेल अशी धास्ती वाटते, हें सासूनें ‘नखरे’ म्हणून सोडून देऊं नये. रक्त कमी असणें, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचें काम मंदावणें, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, यांमुळेंहि अशींच लक्षणें होऊं शकतात. यासाठीं रक्ताची तपासणी करून घेणें हितावह होय.

भीतीचा झटका

नैराश्याच्या जोडीनें, अथवा स्वतंत्रपणेंहि, आणखी एक विकार होतो. त्यास डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात. आपल्या भाषेंत ‘जीव घाबरा होणें’. माणूस बाजारांत उभा असतो, एसटींत बसलेला असतो, किंवा रात्रीं गाढ झोपेंतून उठतो, आणि एकाएकीं छाती धडधडूं लागते, श्वास अपुरा पडतो, घाम सुटतो, हातपाय कांपतात, बोटें बधिर होतात, डोकें गरगरतें, आणि आतां आपण मरणार किंवा वेडे होणार अशी खात्री वाटते. कांहीं मिनिटांत हा झटका शिखरास पोंचतो व बहुधा अर्ध्या तासाच्या आंत ओसरतो. शरीरांत संकटाच्या वेळीं धांवण्यासाठीं किंवा झुंजण्यासाठीं जी तयारी आपोआप होते, तीच येथें संकट नसतां होते. अंधाऱ्या बांधावर सापाच्या जागीं दोरी पडलेली असली तरी काळीज तितकेंच उडतें, तसा हा प्रकार आहे. झटका भयंकर वाटला तरी तेवढ्यानें माणूस मरत नाहीं.

तथापि येथें एक सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. छातींत दुखणें व घाम सुटणें हीं हृदयविकाराचींहि लक्षणें आहेत. म्हणून पहिल्या वेळीं तरी हा भीतीचाच झटका असें घरच्या घरीं ठरवूं नये. तत्काळ दवाखान्यांत जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. हृदय निरोगी असल्याचें डॉक्टरांनीं सांगितल्यावर मग पुढील वेळीं भिण्याचें कारण उरत नाहीं. झटका आल्यास असेल तेथें बसावें, पाय जमिनीवर टेंकावे, श्वास आंत घेण्यास लागतो त्याहून अधिक वेळ तो सोडण्यास लावावा, आणि ‘हा येतो तसा जातो’ असें मनाशीं म्हणावें. जवळच्या माणसांनीं भोंवतीं गर्दी करूं नये, कांदा नाकाला लावूं नये. एकानें शांतपणें शेजारीं बसावें. ज्या जागीं झटका आला ती जागा कायमची टाळणें हें मात्र वाईट. आज बाजार टाळला, उद्यां एसटी टाळली, परवां शेत टाळलें, असें करितां करितां माणूस ओसरीवर येऊन अडकतो.

एक उदाहरण

वऱ्हाडांतील एक मध्यम खातेदार आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या संमतीनें, परंतु नांवगांव न देतां, त्यांची हकीकत येथें देतों. कोरडवाहू आठ एकर जमीन, कपाशी व तूर. मुलगी नववींत, मुलगा पांचवींत. एका जून महिन्यांत पीककर्जाच्या नूतनीकरणासाठीं ते रांगेंत उभे असतां त्यांस पहिला झटका आला. हृदयाचा आलेख निघाला, तो निर्दोष. पंधरा दिवसांनीं पुनः झटका, पुनः आलेख, पुनः निर्दोष. डॉक्टर म्हणाले, ‘तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं.’ या एका वाक्यानें त्यांचें दुखणें संपावयाचें तें उलट वाढलें; कारण झालेलें तर त्यांच्या अंगीं रोज प्रत्ययास येत होतें, आणि आतां लोक आपणांस ढोंगी समजतात असें त्यांस वाटूं लागलें. ते बाजारीं जात ना, एसटींत चढत ना. अन्न कमी झालें. डवरणी चुलतभावानें केली, कर्जाचा कागद तसाच राहिला.

या सर्वांत घरच्यांच्या एक गोष्ट उशिरा ध्यानांत आली. मुलगी शाळेंत जाईनाशी झाली होती. कधीं डोकें दुखतें म्हणे, कधीं आईला कापडें धुऊं लागतें म्हणे. खरें कारण असें कीं, आई शेतावर गेल्यावर बाबांवर लक्ष ठेवण्यास ती घरीं राहत असे. वर्गशिक्षिका घरीं विचारावयास आल्या तेव्हां पोरीनें रडत रडत हें सांगितलें. बापास स्वतःच्या दुखण्यापेक्षां हें अधिक लागलें. दुसऱ्या आठवड्यांत चुलतभावास बरोबर घेऊन ते जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचाराच्या विभागांत गेले. डॉक्टरांनीं गोळी सुरू केली, व समुपदेशक बाईंनीं त्यांस रोज थोडथोडें करून टाळलेल्या जागीं परत जाण्याचा क्रम आंखून दिला: पहिले चार दिवस गांवच्या थांब्यापर्यंत, मग पुढील गांवापर्यंत एसटीनें, मग तालुक्याच्या बाजारीं. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ झाली, फरक दिसला नाहीं, व गोळी सोडून देण्याचें मनांत आलें. भावानें सोडूं दिली नाहीं. सहाव्या आठवड्यांत ते एकटे बँकेंत जाऊन सही करून आले.

मुलीस त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस विशेष वाटलें. ते म्हणाले, ‘पोरी, माझें मन आजारी पडलें होतें, त्याचें औषध चालूं आहे, आणि मला उतार पडतो आहे. हें तुझ्यामुळें झालेलें नाहीं. माझी राखण करणें तुझें काम नव्हे. तें डॉक्टरांचें आणि आम्हां मोठ्या माणसांचें काम आहे. तूं शाळेंत जा.’ मुलगी दुसऱ्या दिवशीं शाळेंत गेली.

मुलांसाठीं तरी इलाज करावा

पुष्कळ आईबाप मुलांसाठींच दुखणें लपवितात. पोरांना कळलें तर घाबरतील, असें त्यांस वाटतें. परंतु मुलांना कळत नाहीं ही समजूत चुकीची आहे. त्यांना दुखण्याचें नांव कळत नाहीं एवढेंच. नांव न कळल्यामुळें ‘बाबा माझ्यावर रागावले आहेत’, ‘आई माझ्यामुळें रडते’ असा अर्थ तीं स्वतः लावतात, आणि तो अर्थ खऱ्या दुखण्याहून जड असतो. वयाच्या मानानें दोन-तीन सोप्या वाक्यांत खरें सांगावें. पैशाच्या सर्व चिंता व मरणाचे विचार मात्र त्यांच्या डोक्यावर लादूं नयेत. ते मोठ्या माणसाजवळ व डॉक्टराजवळ बोलावे.

उलट, आईबापांचा रोग बरा झाला कीं मुलांस गुण येतो, असा शास्त्रीय पुरावा आहे. अमेरिकेंत मायर्ना वाइसमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नैराश्यानें पीडित माता व त्यांचीं मुलें अशा १५१ जोड्यांचा अभ्यास करून तो सन २००६ मध्यें प्रसिद्ध केला. ज्या माता तीन महिन्यांच्या उपचारानें बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांतील मानसिक विकारांचें प्रमाण ११ टक्क्यांनीं घटलें; ज्या बऱ्या झाल्या नाहींत त्यांच्या मुलांत तें ८ टक्क्यांनीं वाढलें. मुलांवर निराळें औषध न करितां, केवळ आईच्या औषधानें हा फरक दिसला. तेव्हां जो बाप ‘पोरांच्या खर्चांतून माझ्या दुखण्यावर कशाला पैसे घालूं’ असें म्हणतो, त्यानें तो खर्च पोरांच्याच खात्यावर मांडावा.

लोकांस वाटणाऱ्या भीति

बंगळूर येथील निम्हान्स संस्थेनें सन २०१५-१६ मध्यें देशांतील १२ राज्यांत जी पाहणी केली तींत प्रौढांपैकीं सुमारे १०.६ टक्के लोकांस कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें, व नैराश्याच्या रोग्यांपैकीं सुमारे ८५ टक्के उपचारावांचून असल्याचें आढळलें. इलाजास न जाण्याचीं कारणें पुष्कळ. त्यांपैकीं कायद्याच्या भीतीसंबंधीं आम्हांस अनुभवानें कांहीं सांगतां येईल.

पहिली भीति जमिनीची. ‘एकदां वेड्याचा कागद झाला कीं भाऊबंद ७/१२ वरून नांव उडवतील’, असें आम्हांस कित्येकांनीं विचारलें आहे. फेरफार होतो तो खरेदी, गहाण, वांटणी, बक्षीस, वारसा अशा कारणांनीं. औषधोपचार हें फेरफाराचें कारण नव्हे, व ७/१२ वर दुखण्याचा रकानाहि नाहीं. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, जो ता. २९ मे २०१८ पासून अंमलांत आहे, त्याच्या कलम ३ प्रमाणें एखाद्यास मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकलचित्त आहे असें मानतां येत नाहीं. तसें ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. नैराश्यावर गोळी घेणारा शेतकरी आपल्या जमिनीचा धनी राहतो.

दुसरी भीति बोभाट्याची, विशेषतः मुलींच्या लग्नाच्या दृष्टीनें. कलम २३ अन्वयें रोग्याची माहिती गुप्त राखण्याचें बंधन दवाखान्यावर आहे. आणि व्यवहार पाहिला तरी, महिन्यांतून एकदां जिल्ह्याच्या गांवीं जाऊन औषध आणणारा बाप लोकांच्या डोळ्यांवर येत नाहीं. वर्षभर ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला बाप येतो. तिसरी भीति मुलें हिरावून घेतलीं जाण्याची. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्यें, उपचारासाठीं दाखल झालेल्या मातेपासून तीन वर्षांच्या आंतील मूल सामान्यतः वेगळें करूं नये अशी तरतूद आहे. चौथी भीति पोलिसांची. ज्यानें आत्महत्येचा प्रयत्न केला तो तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें कलम ११५ प्रमाणें गृहीत धरलें जातें. तो उपचारास पात्र समजला जातो. दंड संहितेंतील जुनें ३०९ कलम तर ता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत राहिलेलेंच नाहीं. म्हणून मरणाचे विचार येतात हें डॉक्टरांस सांगण्यांत गुन्हा नाहीं.

देवऋषी व भगत यांविषयीं थोडें. देवास नवस करावा, वारी करावी, त्यास कोणाची हरकत नाहीं. त्यानें मनास आधारहि मिळतो. परंतु रोग्यास मारणें, साखळीनें बांधणें, चटके देणें हा महाराष्ट्राच्या सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालीं गुन्हा आहे. आणि अंगाऱ्यासाठीं चालूं गोळी बंद करणें म्हणजे अर्ध्यावर आलेलें पाण्याचें पाट फोडून देण्यासारखें आहे.

कोठें जावें व काय सांगावें

पहिली पायरी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची किंवा गांवांतील आशाताईंची. तेथून ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय अशी वाट आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सन १९८२ मध्यें व त्याखालील जिल्हा कार्यक्रम सन १९९६ मध्यें सुरू झाला. त्यामुळें जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ता. १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झालेले आहेत. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें मोठीं मनोरुग्णालयें आहेत. परंतु नैराश्याच्या किंवा भीतीच्या झटक्याच्या बहुतेक रोग्यांस तेथें राहण्याची गरज पडत नाहीं. ज्यांस घराबाहेर पडवत नाहीं त्यांच्यासाठीं ता. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनि सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा. रात्रंदिवस, विनामूल्य व मराठींतहि बोलतां येतें.

डॉक्टरांपुढें गेल्यावर तोंडांतून शब्द निघत नाहीं, म्हणून घरींच कागदावर लिहून न्यावें: दुखणें केव्हांपासून, झोप किती, जेवण किती, झटके आठवड्यास किती, दारू-तंबाखू किती, दुसरीं औषधें कोणतीं, मरणाचे विचार येतात कीं नाहीं, घराण्यांत कोणास असा त्रास होता काय. पूर्वीं कधीं अनेक दिवस झोपेवांचून भलताच उत्साह, बेसुमार खर्च व बडबड असें झालें असल्यास तें आवर्जून सांगावें, कारण त्या विकाराचें औषध निराळें असतें.

औषधासंबंधीं तीन गोष्टी. सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन यांसारख्या गोळ्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. प्रारंभीं मळमळ किंवा अस्वस्थता वाटली तर डॉक्टरांस सांगावें. बरें वाटूं लागल्यावरहि डॉक्टर त्या साधारणतः सहा महिने किंवा अधिक चालूं ठेवतात. एकाएकीं सोडूं नयेत. या गोळ्यांचें व्यसन लागत नाहीं. व्यसन लागतें तें औषधाच्या दुकानांतून परस्पर आणलेल्या अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्यांचें. त्या डॉक्टरांनीं सांगितल्या तरच व थोडे दिवस घ्याव्या, आणि दारूबरोबर कधींहि घेऊं नयेत.

नुसत्या बोलण्यानें काय होणार, असें समजूं नये. गोव्यांत सन १९९६ मध्यें स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेनें, डॉक्टर नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटींनीं तीव्र नैराश्याच्या रोग्यांस गुण येतो हें तपासून पाहिलें व सन २०१७ मध्यें प्रसिद्ध केलें. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला, त्यांत नैराश्याच्या रोग्यांपैकीं उपचार घेणाऱ्यांचें प्रमाण सुमारे दीड वर्षांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलें. गांवांतीलच माणसें घरोघर जाऊन बोलूं लागलीं कीं आपला शेतकरी इलाजास येतो, असें यावरून दिसतें.

घरच्यांनीं काय करावें

रोग्यास ‘तुला काय कमी आहे’ असें विचारूं नये. त्याच्याजवळ बसावें, त्याचें ऐकावें, व दवाखान्यांत सोबत जावें. पहिल्या खेपेस सोबत नसेल तर बहुतेक रोगी फाटकावरून परत येतात. मरणाचा विचार येतो काय, असें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं, उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आल्यास त्यास एकटें ठेवूं नये, त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा किंवा १४४१६ वर बोलावें. आणि पिकावरील विषारी औषधें घरांतून व मळ्यांतून काढून दुसऱ्याच्या घरीं कुलुपांत ठेवावीं. हीं औषधें एरवींहि, लेंकरांच्या घरांत, कुलुपांतच असावीं.

दुखणें चालूं असतांना जमीन विकणें, मोठें कर्ज काढणें, वांटणीच्या कागदावर सही करणें हीं कामें दोन-तीन महिने पुढें ढकलावीं. नैराश्यांत माणसास सर्व कांहीं संपलेलें दिसतें, व त्या दृष्टीनें केलेला व्यवहार पुढें आयुष्यभर सलतो. नित्याचीं कामें मात्र सर्वस्वीं काढून घेऊं नयेत. गुरांस पाणी पाजणें, भाजीच्या वाफ्यास पाणी देणें, धाकट्यास शाळेंत पोंचविणें, अशीं लहान कामें रोज ठरल्या वेळीं त्याच्याकडून करवून घ्यावीं. त्यांनीं अंगांत हळूहळू त्राण येतें.

आमची संस्थांस व ग्रामसभांस एवढीच विनंति आहे कीं, पीककर्जाच्या व खताच्या सभेंत पांच मिनिटें या विषयास द्यावीं, व आरोग्य केंद्रांतील अधिकाऱ्यांस वर्षांतून एकदां बोलवावें. वाचकांनीं आज एक काम करावें. १४४१६ हा आंकडा खडूनें किंवा कोळशानें पंपाच्या खोलींत, ओसरीच्या खांबावर, आणि जेथें आपलें हिशेबाचें चोपडें असतें तेथें लिहून ठेवावा. आपणांस त्याची गरज नसेल; परंतु आपल्या ओसरीवर पाणी पिण्यास जो थांबतो, त्यास कदाचित् असेल.